पंखेवाला कारकून

"थांब. खून नंतर. आधी पैसा कुठून आला ते बघू."

एवढं बोलून काकू हाताचा पंजा समोरच्या काचेवर रोखायच्या. खरं तर हा हुकूम मागच्या सीटवरच्या खलीलभाईंना असायचा, कारण खून लवकर व्हावा अशी घाई त्यांनाच असे. पण पंजा दिसायचा पुढच्यांना. एकदा बुर्ज अल् सहवाच्या चौकात तो पंजा बघून एका पिकअपवाल्याने खरंच ब्रेक मारला आणि खिडकीतून डोकं काढून आपलं काय चुकलं ते विचारू लागला. काकूंनी त्याला "यल्ला, यल्ला" करून वाटेला लावलं आणि लगेच जपानला परत गेल्या.

मस्कतमध्ये राहिलेल्यांना हे सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. पगार बेताचा असला की माणूस माबेल्यात घर घेतो आणि त्याचं ऑफिस हमखास अल् खुवैरला निघतं. मधला रस्ता रिकामा असेल तर अर्ध्या तासाचा, आणि तो रिकामा असलेला मी तरी पाहिलेला नाही. माझ्या जुन्या गाडीतून आम्ही तिघं जायचो. आमची कंपनी लोकांची ऑफिसं आतून सजवून देते. मी तिथे एस्टिमेटर, म्हणजे कामाला किती खर्च येईल ते काढणारा. खलीलभाई साइटवरचे सुपरवायझर, मूळचे श्रीवर्धनचे. आणि काकू खरेदी विभागाच्या प्रमुख. विभागात दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे प्रमुखपदाबद्दल कधी वाद झाला नाही.

काकू ठाण्याच्या. सव्वीस वर्षं मस्कतमध्ये काढलेल्या, यजमान जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा कॅनडात. पांढरा बॉबकट, कडक इस्त्रीचा पंजाबी ड्रेस, मांडीवर डब्याची पिशवी. अशी बाई तुमच्या शेजारी येऊन बसली तर ती भिशीबद्दल बोलेल असं तुम्हाला वाटेल. काकू बोलायच्या जपानी गुन्हेगारांबद्दल. तेही साध्या पाकीटमारांबद्दल नाही. जुगाराचे अड्डे चालवणारे म्हातारे, त्यांच्याकडून निवडणुकीचा खर्च घेणारे मंत्री, त्या मंत्र्यांकडून पुलांची कामं घेणारे बिल्डर, या मंडळींबद्दल त्या घरच्यासारखं बोलायच्या.

या नादाची सुरुवात एका कुकरपासून झाली. त्यांच्या आधीच्या बिल्डिंगमध्ये एक जपानी इंजिनियर राहायचा. तो देश सोडून निघाला तेव्हा सगळे करतात तसं त्यानेही सामान विकायला काढलं. काकूंनी भाताचा कुकर घेतला. त्यावर त्याने डीव्हीडींचा एक खोका फुकट देऊ केला. काकू फुकट काही घेत नसत. त्यांनी खोक्याचा अर्धा रियाल त्याच्या हातावर ठेवला आणि पावती मागितली. त्या माणसाने ती मुकाट्याने लिहून दिली. कुकर वर्षभरात बिघडला, खोका मात्र पुरला.

त्या दर शुक्रवारी एक सिनेमा बघायच्या आणि रविवारपासून आम्हाला हप्त्याहप्त्याने सांगायच्या. जपानी नावं आमच्या लक्षात राहत नाहीत हे पहिल्याच आठवड्यात त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी सगळ्यांची बारशी केली. भुवईवाला, चष्मेवाला मंत्री, तुटक्या करंगळीचा, नगराध्यक्षाची मेहुणी. पेल्याखाली फासे हलवून सम की विषम यावर पैसे लावतात, तो जुगार त्यांनी आम्हाला गाडीत करून दाखवला होता, बाटलीचं झाकण आणि दोन वेलदोडे घेऊन. खलीलभाई हराम आहे म्हणून खेळायचे नाहीत, पण दर वेळी बरोबर ओळखायचे.

आता यातली गंमत अशी की बाई खरेदी खात्यातली. त्यामुळे तलवारबाजी दीड मिनिटात आटपायची आणि नगरपालिकेचं टेंडर वीस मिनिटं चालायचं. कोणी कोणाला कंत्राट दिलं, अनामत रक्कम कोणी भरली, बिलावर सही कुणाची. एका सिनेमात भुवईवाला आपल्या शत्रूला मारायला मारेकरी ठेवतो, आणि मारेकरी ऐन वेळी पलटतो. त्यावर काकूंचं मत असं पडलं की चूक भुवईवाल्याचीच होती, त्याने एकाच माणसाला विचारून काम दिलं. तीन कोटेशनं मागवली असती तर भाव कळला असता आणि माणूसही पारखून मिळाला असता. हे त्या अत्यंत गंभीरपणे बोलायच्या. खलीलभाई मागे रुमालात तोंड खुपसून हसायचे.

ऑफिसातही त्या अशाच. पुरवठादारांची कोटेशनं त्यांच्या कपाटात कुलपात राहायची आणि किल्ली गळ्यातल्या साखळीत. ठरलेल्या दिवशी बरोबर बारा वाजता तीन जणांसमोर पाकिटं फुटायची. अकरा एकोणसाठला आलेलं चालायचं, बारा एकला आलेलं परत जायचं. ईदला कोणी खजुराचा डबा पाठवला तर त्या तो सगळ्यांत वाटायच्या, सफाईवाल्यापासून अर्बाबपर्यंत, म्हणजे मालकापर्यंत, प्रत्येकाला सारखे. एका वर्षी सात खजूर उरले. ते त्यांनी पाठवणाऱ्याला परत केले, पत्रासकट. हे मला त्या पत्राची प्रत फायलीत सापडली म्हणून माहीत आहे. नाहीतर माझाही विश्वास बसला नसता.

मला त्यांची गंमत वाटायची, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही यायचा. एवढं सोवळं कशाला, असं मनात यायचं. एवढ्या छोट्या कंपनीत कोण कोणाला विकत घेतंय?

मग जून आला आणि माझ्या गाडीचा एसी गेला.

मस्कतचा जून काय असतो ते मी लिहीत बसत नाही. दोन दिवस आम्ही खिडक्या उघड्या ठेवून गेलो. काकूंचा बॉबकट वाळलेल्या गवतासारखा उभा राहायचा. कॉम्प्रेसर नवा घालायला शंभरावर रियाल लागणार होते, आणि त्याच महिन्यात मी मुलीच्या शाळेची फी भरलेली होती. आमच्याकडे कार्पेट पुरवणारा एक व्यापारी होता, मोठा गोड माणूस. त्याने माझं रडगाणं ऐकलं आणि माबेल्याच्या सनाय्यात, म्हणजे गॅरेजांच्या वस्तीत, आपल्या मेहुण्याकडे गाडी पाठवायला सांगितली. संध्याकाळी गाडी बर्फ होऊन परत आली. बिलाचं विचारलं तर तो म्हणाला, होईल सावकाश, इन्शाल्ला.

त्यानंतर आठच दिवसांनी त्याचा फोन आला. एका मोठ्या ऑफिसच्या कार्पेटची कोटेशनं गुरुवारी दुपारी बाराला उघडायची होती. आमच्याकडे भाव आधी मेलवर माझ्याकडे यायचे, मी ते छापून पाकिटात चिकटवून काकूंच्या ताब्यात द्यायचो. म्हणजे बाकी दोघांचे भाव मला माहीत होते. त्याला फक्त एक आकडा हवा होता, त्या दोघांतला कमी भाव. तो म्हणाला, गुरुवारी पावणेबाराला मी फोन करतो, तुम्ही आकडा सांगा, मी धावत पाकीट आणून देतो. कंपनीचं तर काही जात नाही, उलट स्वस्तात पडेल. हे सगळं तो इतक्या प्रेमाने बोलला की मी "बघतो" म्हणालो. नाही म्हणालो नाही. ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही, तुम्हाला सांगतो आहे.

त्याच आठवड्यात रविवारी सकाळी काकू गाडीत बसल्या, एसीची जाळी स्वतःकडे वळवली आणि म्हणाल्या, "मस्त झाला रे एसी." मग पट्टा लावून त्यांनी नवा सिनेमा सुरू केला.

ओसाकाच्या नगरपालिकेत एक कारकून असतो. नवीनच लागलेला, घरात तान्हं मूल, खोली पत्र्याची. पाकिटं सांभाळणं हे त्याचं काम. उन्हाळ्यात मूल घामोळ्यांनी रडत असतं. एक ठेकेदार ते ऐकतो आणि त्याच्या घरी विजेचा पंखा पाठवून देतो. पैशांचं काय, तर होईल सावकाश.

समोरचे दिवे लाल झाले ते मला दिसले नाहीत, खलीलभाई ओरडले तेव्हा मी ब्रेक मारला. काकू शांतपणे म्हणाल्या, पुढचं उद्या.

सोमवारी ठेकेदाराने कारकुनाकडे एक आकडा मागितला. एकच. खलीलभाई वैतागले होते. त्यांचं म्हणणं, दोन दिवस झाले, अजून जुगार नाही, मंत्री नाही, करंगळी नाही, हा कसला सिनेमा. काकू म्हणाल्या की सिनेमा जरा जुना आहे, तेव्हा असेच काढत. मी शेजारी बघायचं टाळलं. बाहेर पंचेचाळीस अंश आणि आत थंडगार, आणि माझ्या पाठीला शर्ट चिकटलेला. या बाईला कळलंय, एवढं एकच डोक्यात फिरत होतं. तोंडावर बोलायचं नाही म्हणून ही अशी वळसे घालून सांगते आहे. गॅरेजवाल्याने सांगितलं असेल? व्यापारी कुठे बोलला असेल? पैसा कुठून आला हे शोधण्यात जिचा जन्म गेला तिच्या तोंडावर मी तो फुकटचा गार वारा रोज सोडत होतो.

मंगळवारी कारकुनाने आकडा सांगितला. कंत्राट ठेकेदाराला मिळालं. महिनाभर काही झालं नाही. पंखा फिरत होता, मूल झोपत होतं. मग कोणीतरी तक्रार केली.

बुधवारी काकूंचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. चौकशी झाली, म्हणाल्या. पाकिटं टेबलावरून कपाटापर्यंत नेणारा एक शिपाई होता. दूरच्या बेटावरून आलेला, भाषा मोडकीतोडकी. पाकिटांना हात लावणारे दोघंच, हा आणि कारकून. कारकून शिकलेला, चांगल्या घरातला. शिपायाला आठ दिवसांत बोटीने घरी पाठवला.

"आन् कारकून?" खलीलभाईंनी विचारलं.

"कारकून कामावर गेला."

"बोलला नाय?"

"नाही बोलला."

खलीलभाई एकदम पुढच्या दोन सीटांच्या मधे आले. इतक्या सिनेमांत इतकी माणसं मेली, पण मी त्यांना असं चिडलेलं पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "या मानसाला कापला पायजे. बाकीचे गुंड परवडले. ते समोरून तरी मारतात." काकूंनी पंजा वर केला नाही. पैसा कुठून आला ते बघू, असंही म्हणाल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "खरं आहे." आणि ऑफिस येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

मला मात्र त्या दिवशी लख्ख दिसलं. माझ्या आकड्याचा उद्या कधी बोभाटा झाला असता तर मला कोणी विचारलं नसतं. कपाट काकूंचं, किल्ली त्यांच्या गळ्यात. निवृत्तीला त्यांचे दोन महिने राहिले होते. सव्वीस वर्षांनंतर ही बाई चोर म्हणून विमानात बसली असती, आणि मी तिला सोडायला एअरपोर्टवर गेलो असतो, याच गाडीतून, एसी लावून.

दुपारी पोट बिघडल्याचं सांगून मी निघालो, बायकोची भिशी फोडली आणि सनाय्यात गेलो. तुम्ही कधी कोणाला बळेच पैसे द्यायला गेला आहात का? गॅरेजवाला घेईनाच. चहा पाज, खुर्ची दे, मेहुण्याला फोन लाव. "खलास साब, खतम बात!" मी म्हणालो बिल हवं. तो म्हणाला बिल केलेलंच नाही. मी म्हणालो आता कर. त्याला वाटलं मी पोलिसांकडून आलोय. त्याने घाबरून बिलात तीस रियाल कमी लावले, मी भांडून ते वाढवून घेतले. बाजूचे दोन पठाण मेकॅनिक काम सोडून आमच्याकडे बघत उभे होते. गिऱ्हाईक जास्त पैसे द्यायला भांडतंय हे त्यांनी पहिल्यांदाच बघितलं असावं.

गुरुवारी पावणेबाराला माझा मोबाइल वाजला. मी काकूंच्या टेबलासमोरच बसलो होतो. त्यांनी किल्ली काढता काढता सांगितलं, "फोन वाजतोय तुझा."

"वाजू दे," मी म्हणालो.

बारा वाजता पाकिटं फुटली. कार्पेटवाला तिसरा आला. त्यानंतर त्याने मला सलाम करणं सोडलं, ते मला फारसं लागलं नाही. घरी जाताना मी बिलाची पावती मुद्दाम गियरपाशी ठेवली होती. काकूंनी तिच्यावर पाण्याची बाटली ठेवली. मला ती त्यांची थोरवी वाटली.

ऑगस्टअखेर काकू निवृत्त झाल्या. निरोपाला कंपनीने त्यांना चांदीची धूपदाणी दिली. भाषण संपलं, टाळ्या झाल्या, आणि काकूंनी माझ्या कानात विचारलं की ही कोणी आणली आणि तीन दुकानांत विचारलं होतं का. मी हो म्हणालो. दोनच दुकानांत विचारलं होतं. विमानतळावर त्यांनी खलीलभाईंना बाजूला घेऊन काहीतरी लिहून घेतलं, माझ्या गालावर हात फिरवला आणि डीव्हीडींचा खोका आमच्या स्वाधीन केला. अर्धा रियाल घेतला. पावती देते म्हणाल्या, पण पेन सापडेना आणि त्यांचे डोळे भरून आले होते. मी ती मागितली नाही.

मग शुक्रवारी खलीलभाई आणि मी माझ्याकडे बसून एकेक सिनेमा बघू लागलो. आमची घोर निराशा झाली. काकूंनी वीस मिनिटं रंगवलेलं टेंडर पडद्यावर दोन वाक्यांत संपायचं. भुवईवाल्याच्या भुवया अगदी साध्या निघाल्या. बाकी सगळे भेटले, पण कारकून काही भेटेना. खोका तळापर्यंत संपला तरी पंखा नाही आणि शिपाईही नाही. तेव्हा माझी खात्री झाली की तो सिनेमा नव्हताच, माझ्यासाठी रचलेली गोष्ट होती. कोण करतं हो एवढं कोणासाठी? मला राहवेना. आभार मानायला मी एका सकाळी ऑफिसच्या पार्किंगमधून ठाण्याला फोन लावला.

फोन लागला तो गोंगाटात. मी म्हणालो, काकू, तो पंखेवाला सिनेमा खोक्यात नाही, मला कळलं सगळं. तुम्ही मला वाचवलंत.

"कशातून?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. कॉम्प्रेसर, कार्पेटवाला, पावणेबाराचा फोन, गॅरेज, सगळं.

"मला यातलं काहीच माहीत नव्हतं रे," काकू म्हणाल्या.

मग म्हणाल्या, "पंखा नव्हता तो. फ्रिज होता. मुलाचं दूध नासायचं."

काकूच पुढे बोलत राहिल्या. मस्कतमधलं त्यांचं पहिलं वर्ष, कंपनी दुसरी. कोणालातरी एकदा सांगून टाकायचं होतं, निवृत्तीच्या आधी, पण आपल्या नावाने सांगवेना. सिनेमा म्हणून सांगितलं, तर खलीलने बरोबर तेच म्हटलं जे त्या स्वतःला इतकी वर्षं म्हणत आल्या होत्या. तो शिपाई श्रीवर्धनजवळचा होता. खलीलनेच गावात विचारून पत्ता काढून दिला, कशासाठी ते त्याला माहीत नाही. माणूस आहे अजून. ऐकू कमी येतं म्हणे.

"तुम्ही आहात कुठे?" मी विचारलं.

"खोपटच्या एसटी स्टँडवर. श्रीवर्धनची गाडी लागतेय." त्यांनी कोणाला तरी रांगेतून सरकायला सांगितलं. "काय बोलायचं ते जमत नाही बघ. जपानी असते तर सरळ गुडघे टेकून कपाळ जमिनीला लावलं असतं, बोलायचं कामच नाही. माझे गुडघे तेवढे वाकत नाहीत. मी आपली समोर बसेन. ऐकू येत नसेल तर मोठ्याने सांगेन. घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल, जाऊ दे."